मडक्यात न ठेवलेला विस्तव

प्रिय मामाजी,

तुम्हाला पत्र कुठल्या पत्त्यावर घालायचं ते मला ठाऊक नाही. तरी लिहिते आहे. लग्न होऊन कोंढ्याहून या घरात आले तेव्हापासून सासऱ्यासमोर बोलायची वेळ आली की मी दाराआड उभी राहायची, डोक्यावरचा पदर सावरत. आज मधे दार नाही. तुम्हीही नाही. तेव्हा जे बोलायचं ते सरळ बोलते, राग मानू नका.

सोमवारी गावाची बैठक आहे, टेकडीसाठी. आणि काल दुपारी मी माळ्यावरून तुमचं मडकं खाली काढलं. या दोन गोष्टी एकाच आठवड्यात आल्या नसत्या, तर मी आणखी दहा वर्षं गप्प बसले असते. माझा स्वभाव मला माहीत आहे, आणि तुम्हालाही होता.

आधी बैठकीचं सांगते. बुधवारी लाखांदूरहून जीप आली. वनीकरणाचे एक तरुण साहेब होते. मारुतीच्या पारावर त्यांनी सगळ्यांना बोलावलं, बायकांनाही. तुमच्या वेळी बायकांना कोण बोलवत होतं? ते पुढे येईलच. साहेब म्हणाले, टेकडी गावाने राखायची ठरवली तर रोपं आम्ही देऊ, पण राखायला माणूस देणार नाही. राखण गावाची, नियमही गावाचेच. सोमवारी काय ते सांगा, नाहीतर रोपं दुसऱ्या गावाला जातील.

तेव्हा गोमाजी उठला. तोच, ज्याची धानाची बांधी आपल्या बांधीला लागून आहे आणि जो तुमच्या हाताखाली तलावाचं पाणी वळवायला शिकला. म्हणाला, "साहेब, आमी राखली होती एकदा. सहा वर्षं राखली. ज्यानं नियम केला त्यानंच जंगल जाळलं. आता कोन कोनाले सांगनार, आनि कोन आयकनार?"

लोक हसले, मामाजी. वाईट मनाने नाही, थकून हसले. तुमचा मुलगा मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसला. मी बायकांच्या घोळक्यात होते.

परतताना तुमच्या मंदाने विचारलं, "आई, आबानं खरंच जंगल जाळलं का? शाळेतले पोरं म्हनत राहतात." अकरा वर्षांची झाली आता ती. मी काय म्हणाले माहीत आहे? "चाल लवकर, ऊन लागून राहिलं." एवढंच म्हणाले. नऊ वर्षं जे केलं तेच पुन्हा केलं.

तुम्हाला आठवतं का, पहिल्या वर्षी तुम्ही मला कागद वाचायला बसवलं होतं? मी सातवी झालेली, घरात दुसरं कोणी वाचणारं नाही. तुम्ही ओसरीवर, मी आतल्या दाराशी. निस्तारीच्या हक्काचा कसला तरी सरकारी कागद होता. गावाने टेकडीवरून सरपण किती न्यायचं, गुरं कुठे चारायची, असलं काही. तुम्ही तीन वेळा वाचायला लावलंत आणि म्हणालात, "म्हंजे नेयाचा हक्क लिहून हाये. राखाचा कुठंच लिहून नाई. मग तो आपनच लिहू." मी पदराआड हसले होते. मला वाटलं, म्हातारा चक्रम आहे.

तुम्ही गावाचे पाणकर. मालगुजारी गेली, तलावाचा मालक असलेला मालगुजार गेला, तरी तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत कधी सोडायचं हे तुमच्याच शब्दावर चाललं. पण तुमचं निम्मं लक्ष पाण्यापेक्षा वरच्या टेकडीवर असायचं. एकदा मी भाकर घेऊन तलावाच्या पाळीवर, बांधावर, आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "पानी तलावात नाई राहत, बाई. पानी टेकडीत राहते. पाल्याखाली, मुळाखाली. तलाव त्याची वाट पाहते फकत." ते तेव्हा कळलं नाही. कळलं तेव्हा टेकडीवर काही उरलं नव्हतं.

सहा वर्षं किती नीट चाललं होतं सगळं! रोज दोन घरांची राखणीची पाळी. कुऱ्हाड न्यायची नाही, वाळकं सरपण न्यायचं. नांगरासाठी लाकूड हवं तर पारावर येऊन मागायचं. आणि मडकं. ते तर तुमच्याच डोक्यातून निघालं. तलावाच्या पाळीवर, टेकडीची वाट जिथे सुरू होते तिथे, पळसाखाली एक मोठं मडकं पुरलं होतं गळ्यापर्यंत. वर जाणाऱ्याने खिशातली माचीस, चकमक, जे असेल ते त्यात ठेवायचं आणि उतरताना उचलायचं. विस्तव टेकडीवर जायचा नाही. तुमची चकमकीची पिशवी हिरव्या दोऱ्याने बांधलेली असायची, ती मला लांबून ओळखू यायची. बाहेरगावचे लोक हसायचे. हसू दे म्हणायचात. त्या सहा वर्षांत टेकडी खरंच हिरवी झाली होती. उन्हाळ्यातही खालच्या झऱ्याला ओल असायची.

आता माझी एक तक्रार ऐका. नियम करताना पारावर किती बायका होत्या? एकही नाही. नुसती धोतरं. तुम्ही माचिशीचा विचार केलात, बिडीचा केलात, चिलमीचा केलात. मोहाचा केला नाहीत. मोहफुलं कोण वेचतं? पहाटे झाडाखाली कोण वाकतं? पाल्यात पडलेलं फूल दिसत नाही, म्हणून बायका आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी झाडाखालचा पाला पेटवून जागा मोकळी करतात. आमच्या आया, आज्या, सगळ्या तेच करत आल्या. त्याला माचीस लागत नाही. चुलीतला गोवरीचा निखारा खापरात घ्यायचा, वर राख, वर फडकं, आणि टोपलीत ठेवायचा. मडक्यात माचीस टाका म्हणणाऱ्या नियमाला तो निखारा दिसलाच नाही. तुमच्या घरातली फुलं टोपलीभर स्वच्छ यायची, तेव्हा ती कशी आली हे कधी विचारलंत का?

तसं म्हणाल तर मी विस्तव नेत नव्हते. पाणकराची सून ना मी! पाच वर्षं खराट्याने झाडलं. इतर जणी लहानशा गोलात पेटवायच्या, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवून, आणि मला हसायच्या. कंबर मोडायची माझी, पण झाडायची. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही आणि तुम्हाला कधी कळलं नाही.

सहाव्या वर्षी नेला.

आणीबाणी उठली तो उन्हाळा. मंदा दोन वर्षांची होती आणि तिला ताप होता. तिला ह्यांच्या मांडीवर देऊन मी निघाले तेव्हा उजाडायला लागलं होतं. आदल्या दिवशी वारं सुटलं होतं, झाडाखाली पाला घोट्यापर्यंत असणार हे मला माहीत होतं. झाडत बसले तर परत यायला दुपार होणार. मी चुलीतून गोवरीचा तुकडा घेतला. आईने आंदणात दिलेलं लाल मडकं फुटलं होतं, त्याचं बूड मी ठेवलं होतं, काठाला पांढऱ्या रंगाची नागमोडी रेघ असलेलं. त्यात निखारा ठेवला.

पाळीवरून जाताना मडक्याशी पाय अडखळला. आत डोकावले. तुमची हिरव्या दोऱ्याची पिशवी होती. म्हणजे तुम्ही पहाटेच फेरीला वर गेला होतात आणि चकमक खाली ठेवून गेला होतात. त्या मडक्यात वाकून बघणारी त्या सकाळी मी एकटीच. हे वाक्य मी नऊ वर्षं मनात म्हणत आले आहे.

पाला पेटवला. तांब्या घरीच विसरला होता. वारं वळलं आणि आग गोलातून बाहेर पडली. मी पळसाची फांदी मोडून झोडपत राहिले. पदराची कड जळली. एका क्षणी दिसलं की हे आता माझ्या हातात नाही. तेव्हा ओरडायला हवं होतं ना? कोणीही ओरडलं असतं. मी ओरडले नाही. मी टोपली उचलली आणि पळाले. तलावाशी आले, खापर पाण्यात भिरकावलं आणि वर पाहिलं तर तुम्ही वाटेवर उभे.

तुम्ही माझ्या पदराकडे पाहिलंत. पाण्यावरचं वर्तुळ अजून विरलं नव्हतं, तिकडे पाहिलंत. माझ्या मागे धूर चढत होता. तुम्ही म्हणालात, "घरी जा. लेकराले पाहा." मी वळले आणि मग तुमची हाक ऐकू आली, साऱ्या गावाला उठवणारी. ती हाक मी मारायला हवी होती.

दीड दिवस टेकडी जळत होती. अख्खं गाव फांद्या घेऊन वर होतं. मी मंदाला घेऊन घरात बसले होते, आणि पदराची जळलेली कड कापून चुलीत घातली. सहा वर्षांत उभी राहिलेली झाडं गेली. आपला मोह एका बाजूने काळा झाला.

मग पारावरची बैठक. मी तिथे नव्हते, बायका नसायच्याच. ह्यांनी घरी येऊन सांगितलं ते असं. लोकांनी सोमाला धरलं होतं. सोमा गावाची ढोरं चारणारा, बाहेरगावाहून आलेला, ना शेत ना भाऊबंद. त्याच्या बिडीनेच लागली असं सगळे म्हणत होते. तो हात जोडून म्हणत होता, "माही माचीस मडक्यातच होती जी, मायची शपथ." दोघांनी त्याला मारलंही. तेव्हा तुम्ही उठलात. कनवटीची पिशवी काढून सगळ्यांसमोर धरलीत आणि म्हणालात, "त्याले सोडा. त्या सकाळी मी चकमक वर नेली होती. माह्याच हातानं झालं."

म्हणजे बैठकीच्या आधी तुम्ही ती मडक्यातून काढून कनवटीला खोचली होती. खोटं बोलायचं तेही तयारी करून!

काहून केलंत हो असं? सोमाला वाचवायला, हे कळतं. पण माझं नाव घ्यायचं होतं. काय झालं असतं? चार बायकांनी नावं ठेवली असती, ह्यांनी शिव्या दिल्या असत्या, मी कोंढ्याला जाऊन महिनाभर रडले असते. नियम तर राहिला असता. सुनेने मोडलेला नियम गाव विसरलं असतं. पाणकराने मोडलेला नियम कोणी पाळला नाही. ह्या गोष्टीसाठी मी तुमच्यावर रागावले आहे, मामाजी. माझी लाज झाकायला तुम्ही अख्ख्या गावाच्या भरवशावर पांघरूण घातलंत.

आणि रागावते तेव्हा लगेच आठवतं की मीही त्या दिवशी पारावर धावत जाऊ शकले असते. घरापासून पार शंभर पावलं.

ठरलेली शिक्षा तुम्ही स्वतःच बोलून दाखवलीत म्हणे. तीन वर्षं आपला मोह गावाचा, आणि राखणीच्या बैठकीत बसायचं नाही. तुमचा मुलगा वर्षभर तुमच्याशी धड बोलला नाही. मी वाढायची, तुम्ही दोघं पाठीला पाठ लावून जेवायचात. मधे मी वाढपीण, सगळं माहीत असलेली.

पहिल्या पावसाळ्यानंतरच कुऱ्हाडी वर जायला लागल्या. पाळीची घरं येईनाशी झाली. मडक्यात कोणी काही टाकेना. एका पोराने त्यात दगड मारून पाहिला, तेव्हा तुम्ही ते उकरून काढलंत, धुतलंत आणि घरी आणून माळ्यावर पालथं ठेवलंत. तुमची बिडी तर आगीच्या दिवसापासूनच सुटली होती. तीन वर्षांत टेकडीचं डोकं दिसायला लागलं, चौथ्या वर्षी बरड. पाऊस पडला की लाल पाणी धावत खाली यायचं आणि माती तलावात टाकून निघून जायचं. होळीपर्यंत पाणी पुरवणारा तलाव संक्रांतीला तळ दाखवू लागला. खालच्या बांध्यांतला धान निसवताना वाळायचा. लोक म्हणायचे, पाऊस बदलला. पाऊसही बदलला असेल. उन्हाळा आता होळीआधीच बसतो. शाळेतले मास्तर म्हणतात, साऱ्या दुनियेतली झाडं कमी होत चालली म्हणून हवा तापते आहे. दुनियेचं मला माहीत नाही. आपली टेकडी मी तापवली.

त्या चौथ्या उन्हाळ्यात तलाव पुरता आटला. म्हाताऱ्या माणसांनीही असं पाहिलं नव्हतं. तुम्ही रोज सकाळी काठी घेऊन त्या भेगाळलेल्या तळात उतरायचात. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. ह्यांनाही वाटायचं. तुम्ही काठीने माती उकरायचात, दोन पावलं सरकायचात, पुन्हा उकरायचात. एका दिवशी तुम्ही कोपरापर्यंत चिखल माखून आलात, काहीतरी धोतराच्या सोग्यात धरलेलं. मी वैतागले होते. म्हणाले, "मामाजी, रोज रोज का धुंडता तिथं?" तुम्ही म्हणालात, "सापडलं आता. आपल्याच घरची वस्तू होती." मी पाणी दिलं हात धुवायला. पुढे विचारलं नाही. खरं सांगू? विचारायची भीती वाटली.

त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. शेवटच्या आठवड्यात घरात आपण दोघंच होतो, सगळे कापणीला. मी तुमच्या खाटेशी बसले आणि म्हणाले, "मामाजी, त्या सकाळचं मले सांगाचं हाये." तुम्ही डोळे मिटलेत. म्हणालात, "मले आता आयकू येत नाई, बाई." त्याच दुपारी अंगणात चिमणी चिवचिवली तर तुम्ही म्हणालात, दाणे टाक तिला. आयकू येत नव्हतं म्हणे! मी तेवढ्यावर उठले. तुम्ही दार लावलंत आणि मला बरंच वाटलं, हेही लिहून ठेवते.

तुम्ही गेल्यावर सुटले असं वाटलं होतं. कुठलं सुटणं? फाल्गुन संपत आला की पहाटे हाताचे तळवे गरम होऊन जाग येते. कोणी अंगणात वाळका पाला झाडला की मी हातातलं काम टाकून बाहेर धावते. मोहफुलं मी परत वेचली नाहीत, कंबर दुखते सांगून. पाळीवर अजून तुम्ही बसलेले दिसता. जवळ गेले की पळसाचा खुंट असतो. तो खुंट आहे हे मला माहीत आहे, रोज तिथूनच जाते मी. तरी रोज लांबून तुम्हीच दिसता, टेकडीकडे तोंड करून, आणि मी पदर पुढे ओढते. सोमा भेटला की तो अजून म्हणतो, "तुह्या सासऱ्यानं माहा जीव वाचवला. पन असा मानूस चकमक कसा काय इसरला?" तो खरंच विचारतो. त्याला अजून उलगडा नाही.

बुधवारच्या बैठकीनंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. काल दुपारी सगळे झोपले होते. मी शिडी लावली आणि मडकं काढलं. सोमवारी नुसतं रिकामं मडकं नेऊन पारावर ठेवावं, म्हातारा चांगला होता एवढं म्हणावं आणि निभावून न्यावं, असा माझा विचार होता. पुन्हा अर्धवट बोलायचाच विचार, बघा.

मडकं पालथं नव्हतं. तुम्ही कधीतरी ते सुलटं करून ठेवलं होतं आणि तोंडाला तुमच्या जुन्या धोतराचं फडकं बांधलं होतं, हिरव्या दोऱ्याने. मी सोडलं. आत चकमकीची पिशवी होती. तिला लागून खापर होतं. लाल, काठाला पांढरी नागमोडी रेघ. तलावाचा गाळ धुऊन काढलेला, एका कडेला काजळीचा डाग तेवढा राहिलेला.

मी जमिनीवर बसले, मामाजी. किती वेळ ते माहीत नाही. मंदा उठून आली तेव्हा मी खापर मांडीत घेऊन बसले होते.

मला आधी वाटलं, पुरावा लपवलात. कोणा दुसऱ्याच्या पायाखाली येऊ नये म्हणून. मग वाटलं, लपवायचं असतं तर फोडून उकिरड्यात टाकलं असतं. एवढं धुऊन, बांधून कोण ठेवतं? मग कळलं. तुमच्या नियमात टेकडीवर जाणाऱ्याचा विस्तव मडक्यात ठेवायचा असतो. माझा राहिला होता. तुम्ही चार वर्षं थांबलात, तलाव आटेपर्यंत, आणि माझ्या वाटचा तो तुम्ही ठेवलात.

की माझ्यासाठीच ठेवलात? मी कधीतरी फडकं सोडीन म्हणून? तसं असेल तर पाच वर्षं उशीर केला मी. आयकू येत नाही म्हणालात तेव्हा मी एवढंच धरलं की तुम्हाला ऐकायचं नाही. गावाला ऐकवायचं राहिलं आहे, असं तुम्हाला म्हणायचं होतं का? तुम्ही सांगितलं नाहीत, आणि आता सांगायला याल असंही नाही. मला जे समजलं ते धरून चालते.

काल संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाप मेला तवा मी त्याच्याशी नीट बोललो नोहतो." एवढंच. आज सकाळपासून ओसरीवर बसून आहेत. माझ्याशी बोलत नाहीत, बोलतील तेव्हा बोलतील. हा हिशेब मला चुकवता यायचा नाही.

आता माझा शब्द ऐका. सोमवारी मी मडकं डोक्यावर घेऊन पारावर जाईन. दाराआडून नाही, पाराच्या मधोमध उभी राहीन. गोमाजी समोर असेल, सोमाला मी स्वतः बोलावून आणीन, मंदाला शेजारी बसवीन. सगळ्यांसमोर फडकं सोडीन. आधी चकमक काढीन आणि सांगीन की त्या सकाळी ही मडक्यातच होती, मी डोळ्यांनी पाहिली. मग खापर काढीन आणि सांगीन की हे मडक्यात नव्हतं. गाव काय म्हणायचं ते म्हणू दे. शिक्षा तीच द्या म्हणेन, सून म्हणून कमी नको. आणि गावाला सांगीन की नियमात एक ओळ वाढवा. मडक्याशेजारी खराटे बांधून ठेवायचे, मोहाला जाणाऱ्या प्रत्येक बाईने एक उचलायचा, आणि पुढचे नियम करताना आम्ही पारावर असू. मग गाव हो म्हणो की नाही म्हणो. पण नाही म्हणालं तर तुमचं नाव घेऊन म्हणायला त्यांना जागा राहणार नाही.

मडकं पुन्हा पाळीवर पुरायचं ठरलं तर पहिली माचीस मी टाकीन. पण रिकाम्यात टाकीन. पाच वर्षं तुमची चकमक आणि माझं खापर तुम्ही एकत्र बांधून ठेवलंत. सोमवारी मी ती दोन्ही वेगळी करणार आहे, मामाजी. तुमचं तुम्हाला, माझं मला.

तुमची सून,
यशोदा